एकेचाळीस वेळा बंद पडलेलं यंत्र

त्या वर्षी महाराष्ट्रात कुठलंच यंत्र बंद पडत नव्हतं. फोन मध्येच तुटत नसे, पडदा गोठत नसे, मोजमापं कधी चुकत नसत. "हॅलो, ऐकू येतंय का?" हे वाक्य मुलांना आजोबांची जुनी खोड वाटायची. या साऱ्याचं श्रेय सांधणीला होतं.

सांधणी काय करते हे सगळ्यांना ठाऊक होतं, कशी करते हे फार थोड्यांना. जुन्या काळी संदेश वाटेत तुटला की पलीकडच्या माणसाला नुसती शांतता ऐकू यायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की माणूस पुढे काय बोलणार हे बहुतेक वेळा आधीच सांगता येतं. "मी उद्या सकाळच्या गाडीनं" एवढं ऐकलं की पुढचा शब्द 'येतो' नाहीतर 'निघतो'. त्यासाठी खोळंबून कशाला राहायचं? सांधणी तो शब्द त्याच माणसाच्या आवाजात बोलून मोकळी व्हायची आणि खरा शब्द मागाहून आला की त्याच्याशी जुळवून घ्यायची. सुरुवातीला अशा भरलेल्या जागी बारीकसा 'टुक्' आवाज येई. त्या आवाजाचा त्रास होतो अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून तो काढून टाकण्यात आला. पुढे सांधणी शब्दावरून वाक्यावर आणि वाक्यावरून मिनिटांवर कधी गेली ते कुणी मोजलं नाही. फोनच्या पाठोपाठ विजेचे मीटर, धरणांच्या पातळ्या, दवाखान्यातल्या नाड्या असं सगळंच तिच्या हाती आलं.

अशा जगात निगडघाटातला एक जुनापुराणा डेस्कटॉप नऊ महिन्यांत एकेचाळीस वेळा बंद पडला होता, आणि त्याचा छडा लावायला रुजुता वासेकर जुलैच्या भर पावसात घाट चढत होती.

रुजुता साक्षीयंत्र विभागात अधिकारी होती. साक्षीयंत्र म्हणजे सांधणीच्या बाहेर ठेवलेलं यंत्र. ज्या जागा धोक्याच्या आहेत तिथे निदान एक मोजमाप असं असावं, जे कुणी सुधारणार नाही, असा कायदा फार पूर्वी झाला होता. निगडघाटात डोंगराच्या पोटात साठ मीटर खोल एक पोलादी तार रोवली होती. डोंगर बोटभर जरी सरकला तरी तार ताणली जायची आणि तो ताण त्या डेस्कटॉपच्या पोटातलं एक मोजणी कार्ड टिपायचं. ते कार्ड पन्नास वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या कुठल्याही यंत्रात बसत नव्हतं, म्हणून हा म्हातारा डेस्कटॉप अजून नोकरीत होता. डोंगराच्या पायथ्याशी तळवाडी नावाची चाळीस घरांची वस्ती होती. रुजुताच्या बॅगेत निर्लेखनाचा दाखला होता, म्हणजे यंत्र कुचकामी ठरवून मोडीत काढायचा कागद. तिने त्यावर सही केली की तळवाडीचा भरवसा उरणार होता फक्त सांधणीच्या आलेखावर.

रुजुता स्वभावाने संशयी होती. ऑफिसात चहा आणणारा हसून बोलला तरी याला काय हवं असेल, असा विचार तिच्या मनात आधी यायचा. निगडघाटाच्या बाबतीत तिचा संशय माणसावर होता. केंद्र सांभाळणारे लक्ष्मण ढेबे साठीचे होते, कंत्राटी होते, आणि यंत्र नीट चालत असतं तर त्यांची जागा केव्हाच रद्द झाली असती. बंद पडणाऱ्या यंत्राला पुन्हा चालू करणारा माणूस लागतो. हिशेब सरळ होता.

"या मॅडम," ढेबेमामा दारातच म्हणाले. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात किटली. "वाटंत काय तरास न्हाय ना झाला? आधी च्या घ्या. यंत्र काय पळून जात न्हाय. ते जागच्या जागी पडतंय."

"किती वेळा पडलंय ते बघायलाच आलेय," रुजुता कोरडेपणाने म्हणाली.

त्यांनी तिच्यापुढे एक जाडजूड वही ठेवली. प्रत्येक बंद पडण्याची तारीख, शेवटच्या मोजणीची वेळ, तेव्हा बाहेर पाऊस होता की ऊन, वीज होती की नव्हती, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एकच वाक्य होतं, 'पुन्हा चालू केले.' इतकी स्वच्छ वही पाहून तिचा संशय वाढलाच. चोरी करणारा माणूस कागदपत्रं नेहमी चोख ठेवतो, असा तिचा अकरा वर्षांचा अनुभव होता.

ती कामाला लागली. आधी उष्णता तपासली, पंख्यात अडकलेली धूळ काढली. मग वीजपुरवठ्याचा डबा मोजला. स्मृतीच्या पट्ट्या एकेक करून बदलून पाहिल्या. सगळं ठणठणीत होतं. तरी दुपारी बाराच्या सुमाराला तिच्या डोळ्यांदेखत पडदा निळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि यंत्र गोठलं. ढेबेमामा तेव्हा दाराशी छत्रीची काडी सरळ करत बसले होते. त्यांचा हात यंत्रापासून दहा फूट लांब होता.

"बेचाळीस," ते म्हणाले आणि वही ओढून घेतली.

एक वाजता तिच्या बाबांचा फोन आला. ते चंद्रपूरला एकटेच राहायचे. कोळशाच्या खाणीत वजनकाट्यावर तीस वर्षं नोकरी करून आता पेन्शन खात होते. आई गेल्यापासून एकच्या ठोक्याला त्यांचा फोन यायचा.

"जेवली का माय?"

"जेवतेच आहे, बाबा. तुम्ही?"

"झालं माहं. इकडे पावसाचा पत्ता नाही, उकाडा लय आहे. तू सांभाळून राय."

"गोळ्या घेतल्या ना?"

"घेतो ना. तू नको काळजी करू."

तेवढंच बोलणं. तिला त्याने बरं वाटायचं. साऱ्या दिवसात याच दोन मिनिटांत तिला कशाचा संशय येत नसे.

दुपारी तिने यंत्रातल्या उपकरणांची यादी पडद्यावर उघडली. दोन नावांपुढे पिवळं उद्गारचिन्ह होतं. एक मोजणी कार्ड, दुसरं नेटवर्क कार्ड. दोघांपुढे एकच आकडा होता, अकरा.

"मामा, हे नेटवर्क कार्ड इथं कसं? साक्षीयंत्राला जाळ्याशी जोडायचं नसतं."

"दोन वर्सामागं तुमच्याच हापिसातनं आलं की. म्हणाले, आकडे कागदावर धाडत बसू नका, परस्पर जातील. कागद बी दावला सहीचा."

रुजुताने फाईल काढली. सही तिचीच होती. अशा साठ-सत्तर केंद्रांच्या आदेशांवर एका दुपारी तिने सह्या केल्या होत्या, एकही न वाचता. तिला स्वतःची लाज वाटली.

"अकरा आकडा म्हंजे काय म्हनायचं?" ढेबेमामांनी विचारलं.

"सांगते. या यंत्राचा मेंदू एका वेळी एकच काम करतो. आत बसलेल्या कार्डांना काही सांगायचं असलं की ती त्याला हाक मारतात. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. मेंदू हातातलं काम बाजूला ठेवतो, हाक ऐकतो आणि मग पुन्हा कामाला लागतो. पण हाका मारायच्या तारा मोजक्या, जेमतेम पंधरा. समजा ऑफिसात एक शिपाई आहे आणि दोन साहेबांना मिळून एकच घंटा दिली आहे. दोघांनी एकदम वाजवली, तर?"

"शिपाई मधीच उभा ऱ्हाईल येड्यावानी."

"तसंच झालंय. दोन्ही कार्डं अकरा नंबरच्या तारेवर आहेत. दोघांनी एकदम हाक मारली की हा गोठतो."

"पर आधी असं नव्हतं. हे कार्ड दोन वर्सं हाय. पडाय लागलं ते दसऱ्याच्या पुढं."

पहिली नोंद खरंच दसऱ्यानंतर चौथ्या दिवशीची होती. रुजुताने मान वर केली. "दसऱ्याला काय केलंत तुम्ही?"

ढेबेमामा किटलीचं झाकण चाचपत बसले. रुजुताने पेटीचं झाकण काढलं होतंच. तिने विजेरी आत धरली. कार्डांच्या खाचांमध्ये झेंडूची वाळलेली पाकळी होती आणि पत्र्यावर हळदीकुंकवाचं बोट उठलेलं होतं.

"दर खंडेनवमीला पूजा करतो, मॅडम," ते अखेर म्हणाले. "वरवर फूल ठेवून भागत न्हाय माझं. सगळी कार्डं काढतो, त्येंचे पितळी दात खोडरबरानं घासतो, पाटावर मांडतो, हळदकुंकू लावतो आन् परत बसवतो. बारा वर्सं करतोय. गेल्या खेपंला लेक आलीवती तळवाडीतनं, नातू घिऊन. बोलता बोलता कुठलं कुठं बसलं ते ध्यानात ऱ्हायलं न्हाय. चालू झालं म्हनून गप बसलो. तुमाला सांगितलं असतं तर म्हनला असता, म्हातारा सरकारी यंत्राशी खेळतोय."

म्हणजे असं झालं होतं. जुन्या यंत्रांत कोणत्या खाचेत कार्ड बसतं त्यावर त्याची हाकेची तार ठरायची. पूजेनंतर नेटवर्क कार्ड चुकून मोजणी कार्डाच्या शेजारच्या खाचेत गेलं आणि दोघं एका तारेवर आले. यात ना चोरी होती, ना कपट. रुजुताला हायसं वाटायला हवं होतं, पण संशयाला जागा उरली नाही की तिला चुकल्यासारखं व्हायचं.

तिने नेटवर्क कार्ड काढून जुन्या खाचेत बसवलं. उद्गारचिन्हं गेली. मोजणी कार्डाला अकरा, नेटवर्कला नऊ. दोन दिवस यंत्र पडलं नाही. पडद्यावर डोंगराची रेषा सरळ होती, कांद्याच्या पातीसारखी एकसारखी, कुठे गाठ म्हणून नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिने दाखला बाहेर काढला. आता दुसराच शेरा लिहायचा होता, 'यंत्र सुस्थितीत, माणसाची गरज नाही.' ढेबेमामा समोर बसले होते. शेरा काय असणार ते त्यांना कळलं होतं.

तेवढ्यात खिडकीतला स्टीलचा पेला भिंतीला लागून किणकिणला. खुर्चीखालून बैलगाडी गेल्यासारखं वाटलं आणि लगेच थांबलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. रेषा सरळ होती.

"हालला की," ढेबेमामा म्हणाले.

"हालला."

"मग ह्यो का बोलंना?"

रुजुताने लेखणी खाली ठेवली. मोजणी कार्ड मेलं असेल, हा तिचा पहिला अंदाज. केंद्राच्या मागच्या खोलीत ती तार डोंगरातून बाहेर येऊन एका कप्पीवरून जात होती. "मामा, तुम्ही जाऊन तारेला लोंबकळा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

साठीचा माणूस तारेला लोंबकळला. पडद्यावरची रेषा क्षणभर थरथरली आणि पुन्हा सरळ झाली. रुजुताने यंत्र बंद केलं, नेटवर्क कार्ड उपसून टेबलावर ठेवलं आणि यंत्र चालू केलं. "आता परत."

या वेळी रेषा ताडकन वर गेली आणि मामा लोंबकळत होते तोवर वरच राहिली.

तिने ढेबेमामांना हाक मारून आत बोलावलं आणि जे समजलं ते त्यांना सांगता सांगता स्वतःलाही समजावलं. "मोजणी कार्ड चांगलं आहे. डोंगर हालला की ते हाक मारतं. पण नेटवर्क कार्डातून सांधणी आत आली आहे. सांधणीला डोंगर हालणं अपेक्षित नाही. वीस वर्षं तो हाललेला नाही, म्हणून तिच्या लेखी आलेला आकडा म्हणजे वाटेत झालेली चूक. ती तत्क्षणी हाक मारते आणि आपला आकडा वर ठेवते. दोघांच्या तारा वेगळ्या असल्या की मेंदू आधी याचं ऐकतो, मग तिचं ऐकतो, आणि शेवटी बोललेलं राहतं."

"आन् तार एक आसली की?"

"दोघांची हाक एकदम येते. मेंदूला कळत नाही, आणि तो पडतो."

ढेबेमामांनी वही पुढे ओढली. "म्हंजे एक जन खरं सांगतोय, दुसरी त्याचं तोंड दाबतीय, आन् ह्यो मधल्या मधी चक्कर येऊन पडतोय. मग मॅडम, ह्ये बेचाळीस येळा पडलं, ते..."

"बेचाळीस वेळा डोंगर हालला."

वहीतल्या नोंदींपैकी तेवीस एकट्या जुलैतल्या होत्या. आणि गेल्या दोन दिवसांच्या नोंदी नव्हत्याच, कारण त्या दोन दिवसांत तिने यंत्र दुरुस्त करून ठेवलं होतं.

तिने लगेच संचालक केळुसकरांना फोन लावला. सगळं सांगितलं, तळवाडी रिकामी करायला गाड्या मागितल्या.

"बरोबर आहे तुमचं, वासेकर," पलीकडून शांत आवाज आला. "हलवायलाच हवं. मी गाड्या पाठवतो. तुम्ही तिथेच थांबा."

दोघं दारात उभी राहून घाटाच्या वळणाकडे बघत राहिली. तासभर झाला. एकही गाडी आली नाही. तिने पुन्हा फोन लावला. "निघाल्या आहेत, वासेकर. पोचतीलच."

"मॅडम," ढेबेमामा म्हणाले, "तुमचे सायेब नेहमीच असं लगीच व्हय म्हनतात?"

रुजुता थबकली. केळुसकरांनी अकरा वर्षांत तिच्या एकाही म्हणण्याला पहिल्या फटक्यात होकार दिला नव्हता. साधी सुट्टी मागितली तरी ते तीन प्रश्न विचारायचे. आज त्यांनी तिला हवं होतं नेमकं तेवढंच म्हटलं. घाटात नेटवर्क धड नाही, हे ती पहिल्या दिवसापासून बघत होती, आणि तरीही एकही फोन तुटलेला नव्हता. ती हातातल्या फोनकडे बघत राहिली. मग तिने तो बॅगेत टाकला आणि वही उचलली.

तळवाडीत पंचायतीच्या दारावर हिरवा दिवा लागलेला होता. दिव्याखाली लिहिलं होतं, 'डोंगर स्थिर'. तो दिवाही सांधणीवरच चालायचा. सरपंच इंदुमती शेलार अंगणातल्या पडवीत भाताच्या रोपांच्या जुड्या मोजत होत्या. लावणीचे दिवस, सगळी माणसं शेतात.

"दिवा हिरवा हाय, आन् तुमी म्हनताय घरं सोडा," त्या म्हणाल्या. "लावणी टाकून कोन येईल? तालुक्याला फोन केला म्या आत्ताच. म्हनाले, काळजी नको."

"तोच फोन खोटा आहे, ताई."

"मग तुमचं तरी खरं कशावरनं?"

आयुष्यभर दुसऱ्याला हाच प्रश्न विचारत आलेली रुजुता पहिल्यांदा त्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. ढेबेमामांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"तीन जुलै, सकाळी सव्वासात. पुन्हा चालू केले. सहा जुलै, दुपारी दोन. पुन्हा चालू केले. नऊ जुलै, सांजचे पाच."

जोत्यावर बसलेली एक बाई म्हणाली, "नऊ तारखंला सांजच्याला आमचं दार घासाय लागलं. सुतार बोलावला तर म्हनला, चौकट वाकडी झाली."

"बारा जुलै, सकाळी दहा वीस."

"त्या दिशी हिरीत माती पडली," सरपंचांचा दीर म्हणाला. "म्या म्हनलं, डुकरानं उकरलं आसंल."

मामा वाचत गेले आणि माणसं जमत गेली. कुणाच्या फडताळातली भांडी पडली होती, कुणाची गाय दावं तोडून पळाली होती. ज्याने त्याने आपापल्या घरातली गोष्ट आपल्याशी ठेवली होती, कारण दिवा हिरवा होता. एकेक तारीख कुणाच्या ना कुणाच्या घरात जाऊन बसली. ढेबेमामांची लेक सुमन पोराला कडेवर घेऊन पुढे आली. "आबा, आमी निगतो," ती एवढंच म्हणाली. इंदुमतीबाईंनी जुड्या खाली ठेवल्या.

संध्याकाळच्या आत चाळीस घरं नदीपलीकडच्या शाळेत हलली, गुरांसकट. एक माणूस तालुक्याला मोटारसायकलवरून गेला आणि खऱ्या माणसांना समोर भेटून आला. तिथे केळुसकरांकडून गाड्यांचा कसलाच निरोप आला नव्हता; त्यांना रुजुताचा एकही फोन पोचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर उतरला. आवाज असा, की शाळेतली माणसं एकमेकांचे हात धरून उभी राहिली. धुरळा बसल्यावर पाहिलं तर वस्तीतली सव्वीस घरं गेली होती. माणूस एकही गेला नव्हता. वरचं केंद्रही अर्धं खचलं. तारेचा पत्ताच नव्हता. ढेबेमामा जाऊन डेस्कटॉपची पेटी तेवढी खांद्यावरून घेऊन आले आणि शाळेच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवली.

"बघा तरी मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या फोनवर तो आलेख दिसतो ना? काय म्हनतोय डोंगर?"

तिने फोनवर निगडघाटाचा आलेख उघडला. डोंगर उतरून चार तास झाले होते, तार तुटून चार तास झाले होते, मोजणी कार्ड पोत्यावर पडलं होतं. आलेखावर डोंगर जागच्या जागी होता. रेषा सरळ पुढे सरकत होती, दर मिनिटाला नवा ठिपका टाकत. पंचायतीचा दिवा ढिगाऱ्याखाली कुठेतरी हिरवाच असेल, असं तिला वाटलं.

"हे आपलं यंत्र पडत होतं म्हणून मी त्याला मोडीत काढायला निघाले होते, मामा," ती म्हणाली. "त्याला माहीत नव्हतं तेव्हा ते थांबत होतं. एवढंच करत होतं ते."

दुपारी मदतीचा पहिला ट्रक आला. वाटेत तालुक्याला भरलेल्या ताडपत्र्या होत्या. चालक वऱ्हाडाकडचा होता, चहा घेता घेता सांगू लागला. "चंद्रपूरवरून लय फेऱ्यानं यावं लागलं. आठ दिवस झाले, तिकडे धार धरली आहे पावसानं. नदी गावात शिरली. अर्ध्या गावात लाईन नाही, टॉवर आडवा झाला."

रुजुताच्या हातातला कप तसाच राहिला. घड्याळात एक वाजला आणि फोन वाजला.

"जेवली का माय?"

तो आवाज तोच होता. घसा साफ करायची सवयही तीच. तिने फोन कानाला घट्ट धरला.

"बाबा, तिकडे पाऊस आहे का?"

किंचित थांबून आवाज म्हणाला, "आहे ना माय. लय पाऊस आहे."

"त्या दिवशी तुम्ही उकाडा आहे म्हणालात."

"हो ना. उकाडा बी आहे."

हे खरं असू शकलं असतं. बाबा तसेच बोलायचे, कुणाला खोडून काढायचे नाहीत. ते घरी सुखरूप असतील, कुठल्या शाळेत असतील, कदाचित आठ दिवसांपासून... तिने पुढचा विचार केला नाही. पण एक गोष्ट तिला आठवली. बाबा जुन्या काळातले होते. समोरचा गप्प झाला की त्यांचा धीर सुटायचा, ते "हॅलो, हॅलो, बोल ना माय" असं ओरडायचे आणि रागाने फोन ठेवून द्यायचे. तिने ओठ मिटून घेतले आणि वाट पाहिली.

पलीकडे थोडी शांतता होती. एक वाक्य बोलायला लागेल तेवढी.

"घेतो ना माय गोळ्या," आवाज म्हणाला. "तू नको काळजी करू."

तिने काहीच विचारलं नव्हतं. ती श्वाससुद्धा रोखून उभी होती. पुन्हा तेवढीच शांतता.

"बरं बरं," बाबा हसले. "ये मग दिवाळीले."

तिच्या मनात आलं, की पलीकडे खरंच बाबा असतील तर त्यांच्या कानात आता तिचा आवाज बोलत असेल, तिने न बोललेलं. आणि नसतील तर दोन्हीकडची माणसं नसतानाही हे बोलणं रोज एक वाजता होत राहणार. किती दिवस हे असं चाललं होतं, ते सांगणारी वही तिच्याकडे नव्हती. हा फोन आत्ता, या क्षणी बंद पडावा, असं तिला जिवाच्या आकांताने वाटलं. पडदा निळा व्हावा, आवाज तुटावा, काहीतरी गोठावं.

फोन बंद पडला नाही.

"दादा," ती ट्रकच्या चालकाला म्हणाली, "परत कधी निघताय चंद्रपूरकडे? मला यायचंय."

तो "आत्ताच" म्हणाला. ती बॅग आणायला वळली. फोन तिने शाळेच्या कोपऱ्यातल्या पोत्यावर, त्या जुन्या डेस्कटॉपशेजारी ठेवून दिला होता. त्यातून बाबांचा आवाज येतच होता, मध्ये मध्ये थांबून तिचं ऐकून घेत.